दम संपेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हे पत्र शिवणाच्या दुकानात बसून लिहिते आहे, म्हणून कागदाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले दिसतील. फोनच केला असता, पण आमचं घर तुला माहीत आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाल्कनीत ऐकू जातं, आणि बोलायचंय ते नेमकं बाल्कनीत बसणाऱ्या माणसाबद्दल. उत्तरही दुकानाच्या पत्त्यावरच पाठव.

तुझा भाऊ पळायला लागलाय. (शहाण्यासारखे वागले की ते माझे ‘हे’ असतात, डोक्याला ताप दिला की तुझा भाऊ.)

पळतो म्हणजे फेरफटका नव्हे. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात स्टुलावर बसून काचा घासल्या, कोपऱ्यावरून ब्रेड आणायलासुद्धा स्कूटर काढायचा, तो माणूस आता उजाडायच्या आत घराबाहेर असतो. सुरुवातीला मलाही बरं वाटलं. पोट गेलं, पँटी मीच कमरेत आत घेऊन दिल्या. पण आता रविवारी सकाळी गेलेला माणूस दुपारी येतो. ओठ पांढरेफटक, तोंडातून शब्द फुटत नाही. परवा न्हाणीघरात नुसता बसून राहिला. नळ उघडायची ताकद हातात नव्हती. मी नळ सोडला, पाठीवर पाणी घातलं. म्हणतो कसा, “जरा दम लागलाय, एवढंच.” आणि हे एवढं कमी म्हणून की काय, मे महिन्यात डोंगरातल्या दिवसभराच्या शर्यतीत नाव देऊन ठेवलंय.

खरं सांगू? माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. या वयात पुरुष अचानक बारीक होतो, नवे बूट घेतो, म्हणजे काय ते बायकांना कळतं. एकदा शेजारणीची सायकल घेऊन मागे गेले. तर तलावाभोवती एकटाच पळत होता. थांबायचा, गुडघ्यांवर हात टेकायचा, मनगट धरून नाडी बघायचा आणि पुन्हा सुटायचा, कुणी पाठीशी लागल्यासारखा. बाई असती तर परवडलं असतं गं. तिला चार शब्द सुनावता आले असते.

पळणाऱ्यांची हृदयं तपासणं हीच तुझी नोकरी. मला समजेल अशा भाषेत सांग, माणूस दम संपेपर्यंत पळतो तेव्हा आत नेमकं होतं काय?

तुझी वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सायकलवरून पाठलाग करणारी तू डोळ्यांसमोर आलीस आणि प्रयोगशाळेत मी एकटीच हसत सुटले. आमच्या डॉक्टरबाई दारातून डोकावून गेल्या.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. शेगडी पेटली की ठिणग्या उडणारच. शरीर प्राणवायू जाळून ताकद मिळवतं, तेव्हा तिथेही उडतात. त्या विझवायची सोयही शरीरानेच केलेली असते. आच हळूहळू वाढवत नेली तर विझवणारेही वाढतात, म्हणून बेताचा व्यायाम चांगला. पण एकदम भट्टी भडकवली तर ठिणग्या उदंड आणि विझवणारे चार. मग पेशींना चटके बसतात. आम्ही त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतो, रक्तात तो मोजता येतो. त्यात हृदयही दमतं. हृदयाला नुसतं आवळून चालत नाही, सैल होऊन भरूनही घ्यावं लागतं, आणि दमलेलं हृदय नीट सैल होत नाही. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत पूर्वपदावर येतं. पण आधीपासून काही दोष लपलेला असेल, तर त्या दमलेल्या वेळात ठोके बिघडू शकतात. भीती असते ती याची.

आणि दादाच्या पाठीशी कोण लागलंय, ते मला माहीत आहे. आमचे बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले. तू घरात यायच्या आधीची गोष्ट. त्यांच्या कचेरीच्या खेळांच्या दिवशी रस्सीखेच चालली होती आणि दोर हातात असतानाच ते कोसळले. “हार्ट अॅटॅक” म्हणाले सगळे, पुढे कुणी काही तपासलं नाही. दादा मैदानातच होता. मी परीक्षेला बसले होते. दादाला या जूनमध्ये त्रेपन्नावं लागतं, वहिनी. तो तुझ्यापासून पळत नाहीये. ते एक वर्ष त्याला मागे टाकायचंय.

त्याला समजावून सांग. मी कोणत्या तोंडाने उपदेश करणार? आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबून धापा टाकते मी. परवा वरांड्यात जरा अंधारीच आली. चष्म्याचा नंबर वाढला असेल. दादाला सांगून नव्या काचा करून घ्यायला हव्यात.

तुझी बारकी


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बहिणीचं ऐकतील. ऐकलं! ‘लपलेला दोष’ आणि ‘ठोके बिघडू शकतात’ एवढंच ऐकलं, बाकी सगळं वाऱ्यावर. त्या दिवसापासून बूट पलंगाखाली. ते ठीक. पण आता भरलेली बादली उचलत नाहीत, माळ्यावरचा डबा काढत नाहीत. जेवताना एक हात ताटात आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं गळ्यावर, नाडीला. रात्री कूस बदलली की विचारतात, “तुला माझा श्वास बरोबर वाटतोय का?” मी म्हटलं, “घोरताय म्हणजे चालूच आहे.” हसलेसुद्धा नाहीत.

काल लेकीचा होस्टेलवरून फोन आला. “बाबा, शर्यत कधी?” तर हे म्हणाले, “बघू, तोवर असलो तर.” पोरगी रडायला लागली. मग मी फोन घेतला आणि मीही रडले. तिघांची चांगली मैफल जमली.

पळत होता तेव्हा घरात निदान माणूस होता गं. आता पेशंट आहे, तोही आजार नसलेला. बाबांचं मला एवढं माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ह्यांनी अवाक्षर काढलं नाही. समजलं तेव्हापासून रागावताही येत नाही, आणि न रागावता मला संसार येत नाही.

आता तूच यातून वाट काढ.

तुझी वहिनी


४ मार्च

वहिनी,

चूक माझी. भित्र्या माणसापुढे आधी वाघाचं चित्र काढलं आणि मग म्हटलं, घाबरू नकोस.

त्याला इकडे पाठवून दे. आमच्याकडे पन्नाशीपुढच्या, पळणाऱ्या माणसांवर अभ्यास चालू आहे. आधी हृदयाची सोनोग्राफी करून डॉक्टरबाई हिरवा कंदील दाखवतात, मगच पळायच्या फिरत्या पट्ट्यावर चढवतात. पाय नाही म्हणेपर्यंत पळायचं. लगेच रक्त आणि पुन्हा सोनोग्राफी, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत. डॉक्टर शेजारी उभ्या असतात. तलावाकाठी एकट्याने करतो, तेच इथे चार माणसांत करायचं.

नाही म्हणेल. तेव्हा सांग, ‘बारकीला माणसं कमी पडताहेत, तिचं काम अडलंय.’ स्वतःसाठी तो यायचा नाही, माझ्यासाठी येईल.

बारकी


२० मार्च

प्रिय,

तुला पत्र लिहायची सवय पार मोडली. लग्न ठरल्यावर लिहायचो तेव्हा अक्षर बरं होतं.

आज बारकीच्या प्रयोगशाळेतलं काम संपलं. मी पळालो. पहिल्या दिवशी अंगावर वायरी चिकटवल्या, तोंडावर मुखवटा, समोर भिंत. हृदयात काही दोष असेल तर आत्ताच कळू दे, अशी मनाची तयारी करून चढलो. बारकी पडद्याशी बसली होती. मी विचारलं, “किती वेळ पळायचं?” म्हणाली, “दादा, आकडा नाही. दम संपला की हात वर कर.” पट्टा चढत गेला, वेग वाढत गेला. शेवटी भिंत दिसेनाशी झाली, बारकीचा आवाज तेवढा येत होता. “चल दादा, चल, आणखी थोडं.” लहानपणी मी तिला सायकल शिकवताना असाच ओरडायचो. मग हात वर केला.

डॉक्टरबाईंनी लगेच हृदय दाखवलं. खरंच दमलेलं होतं, मलासुद्धा दिसलं. जुन्या, ताठरलेल्या रबरासारखं हलत होतं. रक्तातही तो ताण बराच वाढलेला निघाला. काल बघितलं तेव्हा सुधारलं होतं आणि आज पहिल्यासारखं. बाई म्हणाल्या, “तुमच्या हृदयात काहीही दोष नाही. फक्त तुम्ही त्याला रविवारी मारता आणि सोमवारी विसरता. आठवड्याला थोडं थोडं वाढवा, मध्ये विश्रांती द्या, ते तुम्हाला उचलून धरेल.”

मी ‘बरं’ म्हणालो आणि बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो. बराच वेळ पेला भरता येईना. इतक्या वर्षांचं ओझं कुणी खांद्यावरून उतरवून घेतलं की तोल जातो, तसं झालं.

एक गंमत. बाई म्हणाल्या, एकाच घरातलं न पळणारं हृदयही बघू, तुलना होईल. बारकी हसत हसत टेबलावर आडवी झाली, “माझं बघा, आळशी हृदयाचा उत्तम नमुना!” पण बघता बघता यंत्र बिघडलं म्हणे. बाईंनी बारकीकडे बघितलं, बारकीने त्यांच्याकडे. मग तिनेच पडदा बंद केला. “दादा, तू जरा चहा सांग,” म्हणाली. एवढ्या महागाच्या यंत्राचं हे असं!

उद्या निघतो. बूट पलंगाखालून काढून ठेव.

तुझा


२५ मार्च

वन्सं,

हे परत आले. दारातच बादली उचलून दाखवली. माझा नवरा मला परत दिलास, त्याबद्दल तुला काय द्यावं कळत नाही.

पण ते यंत्राचं काही माझ्या गळी उतरेना. मी रोज शिलाईमशीनपुढे बसते. मशीन बिघडलं की बायका मशीनकडे बघतात, एकमेकींकडे बघत नाहीत.

मला बनवू नकोस. काय दिसलं?

वहिनी


११ एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींत मी ठणठणीत होते.

माझ्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड आहे, व्हायला नको तेवढी. जन्माबरोबर येणारं, घराण्यातून उतरणारं असतं हे. बहुधा बाबांनाही हेच होतं. दादाकडे आलं नाही, माझ्याकडे आलं. पळत होता तो, आणि बाबांचं हृदय होतं माझ्याजवळ, मी ते खुर्चीवर घेऊन बसले होते. जिन्यातल्या धापा, वरांड्यातली अंधारी, सगळ्याचा अर्थ आता लागला. वरांड्यात अंधारी आली नव्हती, वहिनी. मी पडले होते. शुद्धीवर आले तर समोर झाडूवाली बाई.

रोज दुसऱ्यांच्या छातीवर यंत्र फिरवते. स्वतःच्या छातीवर कधी ठेवलं नाही. वेळ नव्हता असं नाही, वाटलंच नाही.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. पण ठोक्यांची नोंद बघून डॉक्टरबाई म्हणतात, गळ्याच्या हाडाखाली एक छोटी डबी बसवून घ्या. ती ठोक्यांवर लक्ष ठेवते, बिघडले तर आतूनच झटका देऊन ताळ्यावर आणते. ऑपरेशन मोठं नाही. मी म्हटलं, हा अभ्यास संपू दे, मग बघू. बाई माझ्याशी बोलत नाहीत.

दादाला सांगू नकोस. आत्ता कुठे सुटलाय तो. तुझ्याकडे मागते आहे म्हणून समज.

बारकी


१५ एप्रिल

वन्सं,

सांगितलं. रागव हवं तर.

तू ऐकशील म्हणून जसं झालं तसं लिहिते. हे जेवायला बसले होते. मी म्हटलं, “बारकीचं यंत्र बिघडलं नव्हतं.” घास हातातच राहिला. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता पुन्हा गळ्यावर बोटं जाणार. तर उठले, हात धुतले, बूट घालायला लागले. मी म्हटलं, “आत्ता पळायला?” म्हणाले, “पळायला नाही. मालकांकडे. रजा मागायला.” दारापर्यंत गेले आणि वळले. “ती एकटीच पडली होती गं वरांड्यात,” एवढंच म्हणाले. मग मीच जाऊन त्यांच्या बुटाची नाडी बांधली.

मेमधल्या शर्यतीतून नाव काढलंय. वाईट वाटलं का म्हणून विचारलं तर म्हणतात, “डोंगर कुठे पळून जातोय?”

ऐक आता. लग्नसराईचे कपडे या महिन्यात शिवून संपतील, मग दुकानाला कुलूप. आम्ही दोघं येतोय. तू ऑपरेशनची तारीख घे. नाही घेतलीस तर तुझ्या डॉक्टरबाईंना मी पत्र घालीन, आणि माझं पत्र कसं असतं ते तुला माहीत आहे. अभ्यास संपायची वाट बघतेस? दुसऱ्याला शंभर वेळा सांगितलेलं स्वतःला एकदा लागू करायला तुझ्या शास्त्रात बंदी आहे का?

आणि माझ्यापासून लपवायचंच असेल तर फोन करत जा. फोनवर ‘बरी आहे’ म्हणून सुटका होते. पत्रात थापा मारायला फार कागद लागतो, तुला जमत नाही ते.

वहिनी


२ जुलै

प्रिय वहिनी,

तुम्ही जाऊन आठवडा होतोय. घर एकदम मोठं वाटतं. फ्रिजमध्ये तू भरून ठेवलेले डबे संपत आले आणि उसवलेला प्रत्येक कपडा शिवलेला सापडतोय, अगदी पायपुसणंसुद्धा.

जखम भरली. हात खांद्याच्या वर न्यायची परवानगी मिळाली आहे, म्हणजे केस माझे मी विंचरते. डबी आपली निमूट बसली आहे, एकदाही तोंड उघडलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या सकाळी तू खाली औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा दादा पलंगाशी बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, “दादा, बाबा पडले तेव्हा त्यांना फार त्रास झाला का रे?” माझ्या मनात कायम तेच चित्र होतं, कळवळलेले बाबा. त्याने बराच वेळ पांघरुणाची घडी नीट केली. मग म्हणाला, “हसत होते गं. दोर आपल्या बाजूला यायला लागला होता. आम्ही सगळे ओरडत होतो. हसता हसताच खाली बसले.” मी म्हटलं, “हे कधी सांगितलं नाहीस?” म्हणाला, “तू कधी विचारलं नाहीस. आणि मी सांगितलं असतं तर मला ते सगळं परत बघावं लागलं असतं.” मग ऑपरेशनसाठी मला आत नेलं. मला भीती वाटली नाही, वहिनी. म्हणजे वाटली, पण बेताची.

बाई म्हणताहेत सपाटीवर चालायला लागा, बोलता येईल एवढ्याच वेगाने. बोलायला सोबत नाही, म्हणून गुणगुणत चालते. लोक बघतात.

बारकी


२२ सप्टेंबर

वन्सं,

झाली एकदाची शर्यत. डोंगराची नव्हे, गावाबाहेरच्या रस्त्याची, अर्ध्या दिवसाचीसुद्धा नाही. हे पार मागून आले, पण चालत-बोलत आले. ओठ लाल, तोंडावर घाम आणि बरोबर एक पेन्शनर गृहस्थ. त्यांच्याशी चष्म्याच्या नंबरावर गप्पा मारत दोघांनी शेवटची रेघ ओलांडली. लेक ओरडली, “बाबा, पळा!” तर म्हणाले, “अगं थांब, यांच्या मोतीबिंदूचं चाललंय.” घरी आल्यावर स्वतःचं पाणी स्वतः तापवलं. सोमवारी सुट्टी, मंगळवारी थोडंसं, असं वेळापत्रक आहे. मी मात्र सायकल शिकून घेतेय नीट. आता पाठलागासाठी नाही, हौस म्हणून.

लेकीचंही हृदय बघून आलो. ह्यांच्यात दोष नसल्यावर लेकीला तपासायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण मी ऐकणार थोडीच! छान आहे.

तुझी वहिनी


३० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

आज तुला लिहिल्यावाचून राहवेना.

डॉक्टरबाईंच्या मागे लागून मी आमच्याकडे एक नवं काम सुरू करून घेतलं. ज्यांच्या घरात कुणी असं अचानक गेलंय, त्यांच्या नातेवाइकांना बोलवायचं, न पळवता नुसतं हृदय बघायचं. पहिल्याच दिवशी दोघी बहिणी आल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचा धाकटा भाऊ मागच्या वर्षी पोहताना गेला. दोघी दाराशीच एकमेकींना पुढे ढकलत उभ्या. “तू जा.” “तू मोठी, तू जा.”

मी कॉलर बाजूला करून त्यांना माझी डबी दाखवली, कातडीखालचा उंचवटा. थोरलीने हळूच बोट लावलं. “दुखतं का हो?”

“नाही. पिशवीचा पट्टा तेवढा टोचतो.”

धाकटी फस्सकन हसली. थोरली म्हणाली, “मग आधी माझंच बघा. ही घाबरून बेशुद्ध पडायची आणि तुम्हाला वाटायचं हृदयच बिघडलं.”

मी जेल लावलं, गार लागेल म्हणाले, आणि पडदा तिच्याकडे वळवला. सहसा वळवत नाही. भिंत बघितली, पुन्हा बघितली, बाईंना दाखवली. पातळ, व्यवस्थित. तिला तसं सांगितलं. तिने ते ऐकलंच नाही. तिचं सगळं लक्ष त्या हलणाऱ्या, उघडमीट करणाऱ्या गोळ्याकडे होतं.

“हे माझं?”

“तुमचंच.”

“आणि हे असं सारखं चालूच असतं?”

“सारखं.”

“अगंबाई,” ती बहिणीला म्हणाली, “हे एवढं राबतंय आतमध्ये, आणि मी जगाला सांगत फिरते की मी रिकामी बसलेय!”

तुझी,
बारकी